मायजवळची जागा

इनास, त्या दिवशी आपल्या अंगणात जमलेली माणसं रडली, आणि त्यांतल्या एकालाही तू कळलेला नव्हतास. "बिशपसाहेब कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत हो," असं एकेक जण नाक पुसत सांगत होता. मी आत चहाचं आधण ठेवत होते. बाहेर येऊन ओरडावंसं वाटलं, अरे बाबांनो, तोच तर त्याचा रोग! त्याच रोगापायी तो बिशप झाला, तोच रोग घेऊन निवृत्त होऊन माझ्या उरावर येऊन बसला, आणि आता तो मेलाय तर तीन ठिकाणची माणसं त्याला न्यायला दारात उभी आहेत. तिघांनाही त्याने हो म्हटलेलं आहे.

तुझ्या डायोसीजच्या, म्हणजे धर्मप्रांताच्या, मासिकाने माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. 'बंधूंच्या मधुर आठवणी' असा मथळासुद्धा त्यांनीच देऊन टाकला. जन्म, शिक्षण, दीक्षा, कुठल्या कुठल्या कमिट्या, हे सगळं ते छापतीलच, सोबत तो जांभळ्या झग्यातला, हातात दंड धरलेला फोटो. मी लिहितेय ते तुला. त्यांना छापायचं तर छापू देत, नाहीतर चुलीत घालू देत. जन्मभर शाळेत मराठी शिकवताना मी पोरांना मुद्द्याला धरून लिहा म्हणून दटावलं, तेव्हा मुद्दा आधी सांगते. मायच्या कबरीतली माझी जागा तुला हवी होती. त्यावरून आपलं भांडण चालू होतं आणि ते अर्धवट टाकून तू गेलास.

बाहेरच्या माणसाला वाटेल, कबरीवरून काय भांडतात? त्यांना आमची दफनभूमी माहीत नाही. चर्चच्या मागे एवढीशी जागा, एका अंगाला ओहोळ, दुसऱ्या अंगाला कातळ. वाढायला वाव नाही. म्हणून एका घराण्याला एकच कबर. नवं माणूस गेलं की जुन्याची हाडं गोळा करून पायथ्याशी ठेवायची आणि त्याच मातीत नव्याला निजवायचं. एकदा निजवलं की काही वर्षं ती माती कुणी हलवायची नाही. त्या मुदतीत घरातलं आणखी कुणी गेलं तर त्याची रवानगी कडेच्या ओळीत. तिथे बोटीवरून वाहून आलेले, वाटेत मेलेले, नावगाव नसलेले असे सगळे आहेत. माझं हृदय आता फार वर्षं चालणार नाही हे कणकवलीच्या डॉक्टरने तुझ्यासमोर सांगितलं होतं. म्हणजे आपल्या दोघांत जो आधी जाईल त्याला माय, आणि दुसऱ्याला कडेची ओळ. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. तुलाही कळलं होतं.

मी तिसऱ्यांच्या शिंपल्या साफ करत बसले होते तेव्हा तू विषय काढलास. कुणाला काही मागायचं असलं की तू आधी आवाज खाली आणायचास, वेदीसमोर उभा राहिल्यासारखा.

"बाय, माका मायजवळ ठेव गो."

"आणि माका खंय ठेवतलंस?"

"तुकाय थंयच ठेवतले."

"एकावर एक? तांदळाच्या गोणी आसंव काय आपण?"

तू हसलास. तुझं ते हसणं! समोरच्याला वाटावं आपलं म्हणणं मान्य झालं, आणि त्याच्या विरोधातल्या माणसालाही तसंच वाटावं. मग तू म्हणालास, "सगळा बरा होतला." हे तुझं जन्माचं वाक्य. आग लागली तरी हेच, पाऊस लागला तरी हेच.

"नाय," मी म्हटलं. "आयकलंस मा? नाय. ती जागा माझी. अंथरुणाक खिळल्यार मायचा सगळा मी केलंय. कूस बदलली मी, न्हाणयली मी, दात पडल्यार पेज भरवली मी. तू फोनार होतंस."

तू उठलास, बागेत जाऊन काजूच्या झाडांमधून हिंडून आलास, आणि जेवताना तिसऱ्यांचं सुकं तीनदा मागून घेतलंस. मला वाटलं, विषय संपला. मी किती खुळी!

फोनावर होतास म्हटलं ते उगाच नव्हे. माय अंथरुणाला खिळली होती तेव्हा रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. मी रिसीव्हर तिच्या कानाला धरायचे. "येतंय गे माय, ह्या आयतवारी नक्की येतंय." एवढं ऐकलं की ती लगेच मला सांगायची, इनास येतलो, बांगडे घेऊन ठेव. मी घ्यायचे. रविवार यायचा आणि जायचा. कारण त्याच रविवारी तू दुसऱ्या कुणाला तरी हो म्हटलेलं असायचं. कुठे कोनशिला, कुठे शाळेचं स्नेहसंमेलन. शेवटच्या आठवड्यात तिने बांगड्यांचं नावच काढलं नाही. तू आलास तो तिला मातीत ठेवल्यावर. आणि मग पायरीवर बसून आल्यागेल्याला आईच्या मायेविषयी इतकं गोड बोललास की शेजारच्या बायका पदर डोळ्यांना लावून घरी गेल्या. त्या दिवशी तुझ्या थोबाडीत मारायची माझी फार इच्छा होती.

तुझ्या बिशपपणाची सुरुवातही अशाच दोन हो म्हणण्यांतून झाली, हे त्या मासिकात कुणी लिहिणार नाही. कॉलेजला गेलास, ग्रेसच्या प्रेमात पडलास. ती प्रोटेस्टंट, घाटावरच्या पाद्र्याची मुलगी, आणि आपण कॅथलिक. सुट्टीत घरी येऊन मायला सांगितलंस, "काळजी करू नको, मी आपला चर्च सोडूचंय नाय." आणि तिकडे ग्रेसच्या वडिलांना सांगितलंस, "मी तुमच्या चर्चमध्ये येतो." दोघांनीही विश्वास ठेवला. माय लग्नाला गेली ती दागिने घालून, पहिल्या बाकावर, वाट बघत की आता आपला फादर येईल. आला तो ग्रेसच्या वडिलांचा मित्र, पाद्री, आणि त्याच्यामागून त्याची बायको आणि दोन मुलं. मायने अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "फादराक बायल आसा?" आपल्यात फादर लग्न करत नाहीत, तिला पाद्र्यांचं काय ठाऊक! मी तिचा हात दाबून धरला. तुझी पाठ आमच्याकडे होती, पण तुझे कान लाल झालेले मला मागून दिसले. तू वळलास मात्र नाही.

पुढे सासऱ्याने म्हटलं, जावईबापू, पाद्री व्हा. तू हो म्हणालास. आमच्या गावात कुणाला नीट कळेना की तू नेमका आता आहेस तरी कोण. तू सांगायचास, "मी अँग्लिकन वळणाचो." म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचास, "थोडे तुमच्यासारखे, थोडे त्यांच्यासारखे. मधले." अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट चर्चं एकत्र होऊन जमाना झाला तरी तू ते जुनं नाव सोडलं नाहीस. त्या मताचा मी अपमान करत नाही, त्यांच्यात मोडेन पण वाकणार नाही अशी माणसं होऊन गेली असतील. पण तुला ते का आवडलं ते मला ठाऊक आहे. 'मधले' हा शब्द तुला उबदार वाटला. पायाखाली कुठली तरी एक बाजू असावी लागते, हे तुझ्या गावीही नव्हतं.

आणि बिशप कसा झालास? दोन गट हमरीतुमरीवर आले होते. कुणाचाच उमेदवार निवडून येईना. तेव्हा दोन्ही गटांना सुचलं, हा बरा, हा आपला आहे. ग्रेसने मला हे हसत हसत सांगितलं होतं, पण ते हसू काही खरं नव्हतं. निवडून आल्यावर दोन्ही गटांना कळलं की आपण फसलो, पण फसवलं म्हणावं तर तुझं कुठलंच वाक्य हाती लागेना. शेवाळावरून पाय सटकावा तसं झालं त्यांचं. तू मात्र डोक्यावर ती उंच टोपी घालून मधोमध उभा.

तुला वाटत असेल, बाय फार कडू लिहितेय. मग आता ती बाई आठव. तू आंब्यांच्या दिवसांत सुट्टीवर आला होतास. दुपारी एक बाई दारात आली, हातात दोन पिशव्या, पायांवर बस-प्रवासाची धूळ. तुझ्याच एका पाद्र्याची विधवा. म्हणाली, "बिशपसाहेब आहेत का? ते म्हणाले होते, क्वार्टर सोडू नका, मी बघतो. आणि आता नवीन पाद्री कुलूप घेऊन दारात उभे आहेत. ते म्हणतात, साहेबांनीच त्यांना तारीख दिलीय." मी तुला हाक मारायला मागे गेले. तू न्हाणीत शिरलेला. आतून कडी.

"इनास, बाहेर ये. ती बाई इली आसा."

"सांग, मी अंघोळ करतंय."

"सकाळीच केलंस अंघोळ!"

आतून तांब्याचा आवाज आला. पाण्याचा नाही, नुसत्या तांब्याचा. देवाचा माणूस, जांभळा झगा खुंटीला टांगून, न्हाणीत उकिडवा बसलाय आणि रिकामा तांब्या बादलीवर आपटतोय. मी त्या बाईला जेवायला वाढलं. तिने मला ताट विसळू दिलं नाही, स्वतःच विसळलं. शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत बसली. जाताना म्हणाली, "खूप कामात असतील ते." ती रस्त्याला लागली तेव्हा तू बाहेर आलास आणि विचारलंस, "गेली?" त्या क्षणी माझ्या मनातून तू उतरलास तो उतरलास. बहीण म्हणून तुझं सगळं केलं, पण मान म्हणून जो असतो तो संपला.

खरं सांगू, लोकांना वाटायचं बिशप देवमाणूस आणि बिशपीणबाई खाष्ट. कारण तुझी सगळी नाही ग्रेसच्या तोंडून निघायची. तू हो म्हणून मोकळा व्हायचास आणि ती मागच्या दाराने जाऊन त्या माणसाला सांगायची की साहेबांना जमणार नाही. माणसं तिला शिव्या द्यायची. त्या तिने निमूट खाल्ल्या आणि एके दिवशी गेली. तिला तिच्या गावी, तिच्या वडिलांशेजारी ठेवलं. तिथे तिच्या भावाने, भास्कररावांनी, दगड बसवताना विचारलं, तुमचं नावही आत्ताच कोरू का? तू काय म्हणाला असशील ते मी सांगायला नकोच.

मग तू इकडे आलास, आणि खाष्टपणाचं काम माझ्याकडे आलं. गावात कुणी तुला बोलावलं की तू हो. चर्चच्या फेस्तालाही हो, देवीच्या जत्रेच्या व्यासपीठालाही हो, ते एक वेळ ठीक. पण रापणवाल्यांचं काय केलंस? किनाऱ्यावरून हातांनी जाळं ओढणारी आपली माणसं. मोठ्या यांत्रिक बोटी येऊन मासळी बाहेरच्या बाहेर उपसून नेतात म्हणून मालवणात कचेरीसमोर बसली होती. तू त्यांच्यात जाऊन बसलास, गळ्यात हार घातलास, "मी तुमच्यावांगडा आसंय" म्हणालास. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि पुढच्याच आठवड्यात तशाच एका मोठ्या बोटीचा मालक गाडी घेऊन आला, तर तू जाऊन त्या नव्या बोटीवर पाणी शिंपडून आलास, जाळी भरून येवोत म्हणून प्रार्थना करून आलास!

दुसऱ्या दिवशी शेवंती मासेवाली दाराशी आली. टोपली खाली उतरवली नाही. "टीचर," ती म्हणाली, "तुमचो भाऊ खंयच्या देवाचो तो एकदा इचारा." आणि गेली. तेव्हापासून आमच्या दारात टोपली उतरली नाही. मी छातीवर हात धरून मासळीसाठी मालवणच्या बाजारात जायला लागले.

तुला विचारलं तर म्हणे, "बाय, मासे सगळ्यांचेच. मी दोघांसाठीय प्रार्थना केलंय."

"मगे देवान कोणाचा आयकाचा?"

तुझं मग तेच. सगळा बरा होतला.

एवढं लिहून मी जरा थांबले, गोळी घ्यायची राहिली होती. ही गोळी घेतानाही तूच आठवतोस. इथे आल्यापासून रोज सकाळी तू पाण्याचा पेला घेऊन यायचास आणि मी गिळेपर्यंत समोर उभा राहायचास. एकदाही चुकला नाहीस. जगाला दिलेले सगळे शब्द मोडलेस, पण ती गोळी कधी विसरला नाहीस. आणि फणस! मला चिकाचा कंटाळा, तर तू हाताला खोबरेल चोपडून दुपारभर ओसरीवर बसायचास, एकेक गरा साफ करून आठळ्या वेगळ्या काढून ठेवायचास. एका कामाला बसलास की दुसऱ्या कुणाची हाक तुला ऐकू यायची नाही असं ते एकच काम मी पाहिलं. तेव्हा वाटायचं, याला बिशप कशाला केला? याला फणस सोलायला बसवायचा होता. कुणाचं वाईट झालं नसतं.

लहानपणी बापूस दारू पिऊन यायचा आणि मायशी भांडताना तुला मधे ओढायचा. "सांग, कोणाचा बरोबर?" तू इतकासा. बापसाला म्हणायचास तुझा बरोबर, तो झोपला की मायला म्हणायचास तुझा बरोबर. मला ते आठवतं, मी तुझ्याच बाजूला उभी असायचे. तुझी कीव करायला तेवढं पुरेसं आहे, म्हणतील लोक. पण मलाही तोच बापूस होता की रे! मला विचारायचा तेव्हा मी म्हणायचे, "तुझा चूक." मार खायचे. मार खाऊनही मी मेले नाही, हे तू रोज बघत होतास. मग शिकला का नाहीस?

तू गेलास तो तसाच, ओसरीवरच्या खुर्चीत, दुपारी, कुणालाही त्रास न देता. मला एकटीला सोडून. मी बराच वेळ तुझा पंजा हातात धरून बसले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्या काळजाचा हिशेब काढायला नको. मग फोन केले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळे हजर. डायोसीजचे सेक्रेटरी दोन पाद्री आणि जांभळं कापड घेऊन आले. भास्करराव घाट उतरून रात्रभराच्या गाडीने आले, ऐंशीच्या घरातला माणूस, हातात एक पिशवी. आणि फादर सावियो आपल्या गावच्या चर्चमधून.

सेक्रेटरी म्हणाले, "कॅथेड्रलच्या आवारातली जागा साहेबांनी स्वतः दाखवली होती. तशी सगळी तयारी झालेली आहे."

भास्करराव हळूच म्हणाले, "ताई, दगडावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. फक्त तारीख राहिलीय."

मी फादरकडे बघितलं. फादर जमिनीकडे बघायला लागला. तरुण मुलगा, गोव्याचा, मनाने चांगला. म्हणाला, "टीचर, आमच्या कॅथलिक बिशपांची परवानगी मी आधीच काढली होती. कबर खणणारा सांतान सकाळपासून कबर उघडतोय. तुमची संमती आहे असं तुमचे भाऊच मला सांगायचे. दोन-तीनदा सांगितलं."

माझी संमती! त्या दिवशी तिसऱ्यांचं सुकं चापून खाल्लंस, आणि उठून फादरला सांगितलंस की बहिणीने जागा दिली. माझ्या नाहीचंसुद्धा तू हो करून टाकलंस, इनास. माझ्या तोंडातून काढून घेतलंस. तुझ्या सगळ्या हो-मध्ये हा एक सर्वांत हलकट.

मी चपला घातल्या आणि तशीच निघाले. सांतानने गुडघाभर माती काढली होती. मायच्या पायथ्याच्या बाजूला तांबडी ओली माती, त्यात मुळं. मला धाप लागली होती.

"सांतान, माती परत घाल."

"टीचर, कबर उघडल्यार रिकामी झाकूची नसता. बरा नाय ता."

"होय? मगे बाजूक हो, मी पडतंय आत."

मागून धावत आलेल्या फादरला हसू फुटलं आणि त्याने तोंडावर हात घेतला. मी खरोखर पडले असते रे. सांतानने फावडं उचललं आणि माती ओढायला लागला. मी तिथेच कठड्यावर बसून राहिले, शेवटचं ढेकूळ आत जाईपर्यंत. त्याने फावड्याच्या पाठीने माती चोपली, मग हाताने.

परत आले तर अंगणात वाद पेटला होता. सेक्रेटरी भास्कररावांना सांगत होते की बिशप हा चर्चचा असतो, कुटुंबाचा नव्हे. भास्करराव पिशवी उराशी धरून उभे होते. मला बघून सगळे थांबले. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, आता तुम्हीच सांगा. तुम्ही जवळच्या."

मी म्हटलं, "तुमच्या कॅथेड्रलमध्ये तो जाणार नाही."

"पण साहेबांनी शब्द दिला होता."

"साहेबांनी तिघांना दिला होता. तो आता एकाच ठिकाणी जाऊ शकतो, म्हणून मी सांगतेय. तुमच्याकडे नाही. आणि फादर, इथेही नाही. भास्करराव, तुम्ही न्या त्याला. बायकोजवळ ठेवा."

भास्कररावांनी मान हलवली आणि मग त्यांना रडू आवरेना. सेक्रेटरीला मी चहा दिला. तो त्याने घेतला नाही. घाट चढताना गाडीत तुझ्यावर घालायला ते जांभळं कापड मात्र मी त्याच्याकडून मागून घेतलं, तेवढं तुझं होतं.

मी तुला ग्रेसकडे का पाठवलं, ते ऐक. तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. जन्मभर तुझ्या हो-ची उस्तवार तिने केली, आणि तुला बिनघोर झोप लागली ती तिच्या जिवावर. तिच्या दगडावर तुझं नाव आहे आणि ते तू तिथे स्वतः लिहवून घेतलंस, निदान एक शब्द तरी खरा होऊ दे म्हटलं. मायला तुझी वाट बघायची सवय आहे. ग्रेसला तुझी किंमत माहीत आहे. आणि माझी जागा माझी आहे.

गाडी फोंडाघाटाकडे वळली तेव्हा मी गेले नाही. डॉक्टरने घाट बंद केलाय, हे एक कारण. दुसरं कारण, मला तुझ्यामागे जायचं नव्हतं. लोक मागून काय बोलले ते कानावर आलंय. सख्ख्या भावाला गावची माती दिली नाही. बिशप माणूस, आणि बहीण बघा कशी. बोलू देत. ग्रेसने शिव्या खाल्ल्या, मीही खाईन. फादर रविवारी येऊन हळूच म्हणाला, "टीचर, ती जागा तुमच्याच नावाने राहील." मी म्हटलं, "राहायलाच हवी."

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर बरं वाटेल. तुझा राग राग करून मोकळं वाटेल. दुपारी ओसरीवर जाते तर खुर्ची रिकामी, आणि परसात फणस पिकून पडतायत. सोलायला कुणी नाही, मी सोलत नाही. मी चूक केली असं मला एकदाही वाटलेलं नाही. वाईट वाटतंय ते वेगळं. तू आत्ता दारातून आत आलास, आवाज खाली आणलास आणि परत तीच जागा मागितलीस, तरी मी नाहीच म्हणेन. तोंडावर म्हणेन. आणि मग तुला विचारीन, जेवलंस मा रे? ये, बस, वाढतंय.